जंगलातलं काचेचं घर: फोटोत स्वप्नासारखं, राहायला कसं? वाचा फार्न्सवर्थ हाऊसची गोष्ट

चारही बाजूंनी काच, बाहेर दाट झाडी, आत एक पलंग, एक खुर्ची आणि वाफाळत्या कॉफीचा मग. असं एखादं रील तुम्ही सेव्ह तरी करून ठेवलं असेल, नाहीतर 'असं घर पाहिजे यार' म्हणत मित्राला पाठवलं तरी असेल. ताम्हिणीपासून नॉर्वेपर्यंत कुठलंही जंगल असो, अशा घरांच्या व्हिडिओंना लाइक्सची कमतरता नसते.

अशा बऱ्याच घरांची आजी शोभेल असं एक घर अमेरिकेत आहे. इलिनॉय राज्यात, शिकागोपासून साधारण 90 किलोमीटरवर, प्लानो गावाजवळ फॉक्स नदीच्या काठी ते उभं आहे. नाव फार्न्सवर्थ हाऊस. 1951 मध्ये पूर्ण झालेल्या या घराचा फोटो जगभरातल्या आर्किटेक्चरच्या पुस्तकांत सापडतो. घर आणि झाडी यांच्यातली भिंत काढून टाकली तर काय होईल, या प्रश्नाचं इतकं टोकाचं उत्तर त्याआधी फारसं कुणी दिलं नव्हतं.

पण ज्या डॉक्टर बाईंनी हे घर बांधून घेतलं, त्यांचं आणि आर्किटेक्टचं भांडण थेट कोर्टात गेलं. डासांनी बेजार केलं, हिवाळ्यात काचांवरून पाणी गळू लागलं आणि नदीने पुढच्या काळात घरात शिरून हिशेब पूर्ण केला. म्हणूनच हे घर समजून घेण्यासारखं आहे.

घर कुणाचं आणि बांधलं कुणी?

डॉ. एडिथ फार्न्सवर्थ यांचा जन्म 1903 चा, शिकागोचा. तरुणपणी त्या इटलीत व्हायोलिन शिकल्या, साहित्याचा अभ्यास केला आणि मग वैद्यकशास्त्राकडे वळल्या. मूत्रपिंडाच्या विकारांवर त्यांनी संशोधन केलं. त्या काळात अमेरिकेतही या क्षेत्रात बायका मोजक्याच होत्या. लग्न केलेलं नव्हतं, काम प्रचंड होतं आणि शनिवार-रविवार शहरापासून लांब घालवावेत असं त्यांना वाटत होतं. त्यांनी फॉक्स नदीच्या काठी 9 एकर जागा घेतली. विकणारे होते 'शिकागो ट्रिब्यून' या वर्तमानपत्राचे प्रकाशक रॉबर्ट मॅकॉर्मिक.

1945 मध्ये एका जेवणाच्या निमित्ताने त्यांची ओळख लुडविग मीस व्हान डर रोह यांच्याशी झाली. मीस हे जर्मनीच्या प्रसिद्ध बाउहाउस या कला आणि डिझाइनच्या शाळेचे शेवटचे संचालक. नाझींच्या राजवटीत ती शाळा बंद पडली. 1938 मध्ये ते अमेरिकेत आले आणि शिकागोत आर्किटेक्चर शिकवू लागले. 'लेस इज मोअर' हे वाक्य ज्यांच्या नावाला कायमचं चिकटलं, ते हेच. न्यूयॉर्कची सीग्रॅम बिल्डिंग (1958) त्यांचीच. आज बीकेसीत किंवा हिंजवडीत दिसणाऱ्या काच आणि स्टीलच्या इमारतींचं मूळ शोधत गेलं तर वाट मीस यांच्यापाशी पोहोचतेच.

एडिथ यांना छोटं वीकेंड होम हवं होतं. मीस यांना अनेक वर्षांपासून डोक्यात असलेली एक कल्पना प्रत्यक्षात आणायची होती. दोघांची गाठ पडली, डिझाइन आकाराला आलं आणि 1947 मध्ये त्याचं मॉडेल न्यूयॉर्कच्या 'म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट'मध्ये प्रदर्शनात मांडलं गेलं. म्हणजे पाया खणायच्या आधीच घर प्रसिद्ध! प्रत्यक्ष बांधकाम 1949 मध्ये सुरू झालं.

घर आहे तरी कसं?

कल्पना करा: जमिनीपासून 5 फूट 3 इंच वर एक सपाट तक्ता. त्याच्यावर तेवढाच दुसरा तक्ता, तो म्हणजे छत. दोन्हींना बाहेरच्या बाजूने धरून ठेवणारे आठ पांढरे पोलादी खांब. दोन तक्त्यांच्या मधली जागा काचेने बंद केलेली. झालं घर.

हा तक्ता 77 फूट लांब आणि 28 फूट रुंद आहे. त्यातला पश्चिमेकडचा भाग उघडा आहे, आपल्याकडच्या पडवीसारखा. काचेच्या आतली जागा साधारण 1500 चौरस फूट भरते. आपल्या शहरांत एवढ्यात ऐसपैस थ्री बीएचके बसतो. इथे मात्र एकही खोली नाही. मध्यभागी लाकडी आवरणाचा एक लांबट गाभा आहे आणि त्यातच दोन बाथरूम, स्वयंपाकाचा ओटा, शेकोटी आणि सगळे पाइप कोंबलेले आहेत. त्याच्या आजूबाजूला फिरत राहायचं. झोपायची जागा, बसायची जागा, जेवायची जागा हे सगळं फर्निचर कुठे ठेवलं आहे त्यावरून ओळखायचं. पाणी, वीज आणि सांडपाण्याच्या नळ्या घराखालच्या एका काळ्या नळकांड्यातून जमिनीत जातात.

मुख्य घराच्या पुढे, थोडा खाली, तसाच तरंगता ओटा आहे. त्यावरून रुंद पायऱ्या चढून पडवीत यायचं. फरशी ट्रॅव्हर्टाइन या फिकट दगडाची, आत-बाहेर एकच. त्यामुळे घर कुठे संपलं आणि बाहेर कुठे सुरू झालं हे पायांना कळत नाही. बाहेरच्या फरशांच्या मधल्या फटी मुद्दाम मोकळ्या सोडल्या आहेत. पावसाचं पाणी त्यातून खाली जातं, त्यामुळे फरशीला उतार द्यावा लागला नाही.

कारागिरीचा एक तपशील तर खास आहे. खांब तक्त्यांना बाहेरून चिकटलेले आहेत, पण कुठेही नट-बोल्ट दिसत नाही. वेल्डिंग आतल्या बाजूने लपवलं, पोलाद वाळूच्या माऱ्याने घासून गुळगुळीत केलं आणि मग पांढरा रंग दिला. पाहणाऱ्याला वाटतं, लोहचुंबकानेच तक्ते खांबांना धरून ठेवलेत.

पांढराच रंग का? रंगांचं काम निसर्गाने करायचं, असा मीस यांचा विचार होता. उन्हाळ्यात घरात हिरवा उजेड, शरद ऋतूत तांबूस-पिवळा, हिवाळ्यात बर्फाचा पांढरा. काचेतून पाहिलेला निसर्ग बाहेर उभं राहून पाहिलेल्या निसर्गापेक्षा अधिक खोल वाटतो, असंही त्यांचं म्हणणं होतं. फोटो पाहिले की ते पटतं. घराची लांब बाजू दक्षिणेला, नदीकडे तोंड करून आहे आणि नदी शंभरेक फुटांवर. तिथे मॅपलचं एक मोठं जुनं झाड होतं. घराची जागा ते झाड पाहूनच ठरवली होती. उन्हाळ्यात पानांची सावली आणि हिवाळ्यात पानं गळाली की ऊन आत, असा हिशेब होता.

मग अडचण कुठे आली?

सुरुवात काचेपासून करू. ऊन काचेतून आत येतं, फरशी आणि सामान तापतं, पण ती उष्णता काचेतून तितक्या सहज बाहेर पडत नाही. बंद गाडी उन्हात उभी केली की आत काय होतं हे आपल्याला माहीत आहेच. फार्न्सवर्थ हाऊसमध्ये त्यावर उपाय काय होता? पश्चिमेला एक दार आणि पूर्वेला खाली उघडणाऱ्या दोन छोट्या खिडक्या. बस. बाकी सगळी काच पक्की बसवलेली. इलिनॉयचा उन्हाळा दमट असतो. मॅपलची सावली मिळायची, पण एकटं झाड तरी किती करणार? घर बांधलं तेव्हा एसी नव्हता.

हिवाळ्यात उलटा त्रास. काच एकपदरी, जेमतेम पाव इंच जाडीची. तिथे तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. जमिनीतून गरम पाण्याच्या नळ्या फिरवून घर उबदार ठेवलं जायचं. आतली उबदार, ओलसर हवा बर्फासारख्या थंड काचेला लागली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला सुटणारा घाम, तोच प्रकार. इथे मात्र बाटलीच्या जागी घराच्या चारही भिंती. वर हीटिंगचा खर्च वेगळा. छताच्या गळतीची तक्रारही एडिथ यांनी केली होती.

आणि डास. नदीकाठची ओलसर कुरणं, वर रात्री दिव्यांनी उजळलेली काचेची पेटी. परिसरातल्या सगळ्या किड्यांना जाहीर आमंत्रणच. पडवीत बसणं अशक्य झालं, तेव्हा एडिथ यांनी पडवीला जाळी बसवून घेतली. शुद्ध डिझाइनच्या चाहत्यांना ती जाळी अजिबात आवडली नाही. पुढच्या मालकाने ती काढूनही टाकली. खरं सांगायचं तर, संध्याकाळी पडवीत बसता येणं हा जंगलातल्या घराचा अर्धा आनंद असतो, आणि या घरात तो जाळीनेच दिला.

इथे एक तुलना करून पाहण्यासारखी आहे, कारण हाच प्रश्न आपल्याकडे रायगड जिल्ह्यातही एका घराने सोडवला आहे. अलिबागजवळ नांदगावला समुद्रालगतच्या नारळाच्या वाडीत 'पाल्मिरा हाऊस' आहे. 'स्टुडिओ मुंबई'चे आर्किटेक्ट बिजॉय जैन यांचं हे काम 2007 मध्ये पूर्ण झालं. तेही दोन लांबट, साध्या पेट्यांचं घर. पण भिंतींच्या जागी काच कमी आणि ताडाच्या खोडातून काढलेल्या लाकडी पट्ट्यांच्या झडपा जास्त. पाल्मिरा म्हणजे ताड, नाव त्यावरूनच. झडपांमधून वारा येतो, उजेड गाळून येतो, आतला माणूस बाहेर पाहू शकतो आणि बाहेरच्याला आतलं फारसं दिसत नाही. 2010 च्या आगा खान वास्तुकला पुरस्कारासाठी ते अंतिम यादीत होतं. कोकणातल्या जुन्या घरांच्या गजांच्या खिडक्या आणि पडव्या आठवून पाहा, कल्पना ओळखीची वाटेल. झाडीशी जोडलं जाणं म्हणजे झाडी दिसणं की तिचा वारा अंगाला लागणं, हा फरक या दोन घरांत स्पष्ट दिसतो.

'एक्स-रेसारखं घर'

ऊन, थंडी, डास यांच्यावर काही ना काही उपाय निघाला असता. एडिथ यांना सगळ्यात जास्त छळलं ते दिसण्याने.

दिवसा काचेतून बाहेरचं जंगल दिसतं. रात्री दिवा लावला की गणित उलटतं. आतल्या माणसाला काचेत स्वतःचंच प्रतिबिंब आणि पलीकडे मिट्ट काळोख दिसतो. बाहेरच्याला मात्र आतलं सगळं स्पष्ट दिसतं. पडदे होते, पण ते ओढले की काचेच्या घराला अर्थच काय उरला? त्यात घर आधीच प्रसिद्ध झालेलं. वीकेंडला लोक ते पाहायला येऊ लागले. आर्किटेक्चरचे विद्यार्थी, पर्यटक, नुसते हौशी. ज्या शांततेसाठी एडिथ शहर सोडून यायच्या, त्याच दोन दिवसांत झाडाआडून कुणीतरी टक लावून पाहतंय अशी स्थिती.

1953 मध्ये 'हाऊस ब्युटिफुल' या मासिकाशी बोलताना त्यांनी जे सांगितलं ते आजही वाचण्यासारखं आहे. घर एक्स-रेसारखं आरपार असल्यामुळे फर्निचर कुठे ठेवायचं हाही मोठा प्रश्न होऊन बसतो. कपड्याचा एक हँगर लटकवायचा तरी बाहेरून कसं दिसेल याचा विचार करावा लागतो. सिंकखाली कचऱ्याचा डबा ठेवत नाही, कारण रस्त्यावरून येताना अख्खं स्वयंपाकघर दिसतं आणि डबा पूर्ण घराचं रूप बिघडवतो. आपण सतत सावध असलेल्या, येरझारा घालणाऱ्या जनावरासारखे झालो आहोत, असंही त्या म्हणाल्या. एक्स-रेची उपमा डॉक्टर बाईंनाच सुचावी!

कपाटाचा किस्साही असाच. मूळ आराखड्यात कपडे ठेवायला धड जागाच नव्हती. वीकेंडला राहायला येणाऱ्या माणसाला कितीसे कपडे लागतात, असा मीस यांचा सूर. शेवटी एक सागवानी कपाट करून घ्यावं लागलं. ते भिंतीसारखं मध्ये उभं राहिलं आणि मागे झोपायच्या जागेला थोडा आडोसा मिळाला. एक खोली असलेल्या घरात 'बेडरूम' झाली ती या कपाटामुळे.

भांडण कोर्टात कसं गेलं?

कारण नेहमीचंच, पैसे. सुरुवातीला खर्चाचा अंदाज 40 हजार डॉलरच्या आसपास होता. काम पूर्ण होईपर्यंत आकडा 74 हजारांच्या घरात गेला. मधल्या काळात कोरियन युद्ध सुरू झालं आणि सामानाचे भाव वाढले. काही वाढ मीस यांच्या चोखंदळपणामुळे झाली. लाकडाचा पत्रा हवा तसाच हवा, फरशीची प्रत्येक लादी निवडून हवी, अशी त्यांची कामाची पद्धत होती. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे दोघांमध्ये फीबद्दल स्पष्ट लेखी करार नव्हता. घर बांधायला काढणाऱ्या कुणालाही इथे थोडं थांबून विचार करायला हरकत नाही.

1951 मध्ये मीस यांनी थकीत रकमेसाठी दावा लावला. एडिथ यांनी उलट दावा केला: खर्चाबद्दल फसवणूक झाली, घरात दोष आहेत. 1952 मध्ये जवळच्या यॉर्कव्हिल गावी सुनावणी झाली. साक्षींच्या नोंदी हजारो पानांच्या. कौल मीस यांच्या बाजूने लागला आणि पुढे काही वर्षांनी तडजोडीने प्रकरण मिटलं.

या दोघांमध्ये प्रेमप्रकरण होतं आणि ते बिनसल्यामुळे कोर्टकचेरी झाली, अशी कुजबुज तेव्हापासून सुरू आहे. आजही घराबद्दल कुठलीही पोस्ट आली की कॉमेंटमध्ये हा विषय निघतो. दोघांची मैत्री गाढ होती, नदीकाठी एकत्र फिरणं व्हायचं, हे खरं. त्यापलीकडचा ठोस पुरावा कुणी दिलेला नाही. गळणारं छत, डास आणि दुप्पट होत आलेलं बिल ही कारणं भांडायला पुरेशी नाहीत का? पण तक्रार करणारी बाई एकटी, अविवाहित असली की लोकांना दुसरंच कारण हवं असतं.

भांडण मासिकांपर्यंतही पोहोचलं. 'हाऊस ब्युटिफुल'च्या संपादक एलिझाबेथ गॉर्डन यांनी एप्रिल 1953 च्या अंकात अशा घरांवर कडाडून हल्ला चढवला. रिकामी, काचेची, सामान ठेवू न देणारी घरं म्हणजे कुणीतरी वरून लादलेली जगण्याची पद्धत आहे, अमेरिकेला तिचा धोका आहे, असा त्यांचा सूर होता. तो काळ मॅकार्थींच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेचा, त्यामुळे परदेशातून आलेल्या आर्किटेक्टविरुद्धच्या अशा लिखाणाला वेगळीच धार होती. फ्रँक लॉइड राइट यांच्यासारखे दिग्गज गॉर्डन यांच्या बाजूने उभे राहिले. एडिथ यांच्या साध्या घरगुती तक्रारींचं बघता बघता राजकारण झालं.

गंमत अशी की एवढं होऊनही एडिथ यांनी घर सोडलं नाही. जवळपास 20 वर्षं त्या तिथे येत राहिल्या. मीस यांच्या डिझाइनचं फर्निचर त्यांनी घेतलं नाही, आपल्या आवडीच्या खुर्च्या आणि टेबलं आणली. व्हायोलिन होतं, पुस्तकं होती आणि इटालियन कवितांची भाषांतरं सुरू होती. पुढे 1975 मध्ये नोबेल मिळालेले युजेनिओ मोंताले हे त्यांनी भाषांतरित केलेल्या कवींपैकी एक.

त्यांना बाहेर काढलं ते एका पुलाने. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात काउंटी प्रशासनाने नवा रस्ता आणि नदीवरचा पूल यासाठी त्यांच्या जागेतली सुमारे दोन एकर जमीन संपादित केली. त्या लढल्या, पण हरल्या. गाड्यांचा आवाज घरापर्यंत येऊ लागला. 1972 मध्ये घर विकून त्या इटलीत फ्लॉरेन्सजवळ राहायला गेल्या आणि तिथेच 1977 मध्ये त्यांचं निधन झालं.

नदीने काय केलं?

घर जमिनीपासून सव्वापाच फूट उंच ठेवण्यामागे फक्त सौंदर्य नव्हतं. ही जागा फॉक्स नदीच्या पूरक्षेत्रातच आहे. तेव्हा माहीत असलेल्या सर्वांत मोठ्या पुराची पातळी विचारात घेऊन, तिच्याही वर मीस यांनी घराची फरशी ठरवली. म्हणजे पुराचा विचार झालाच नव्हता असं म्हणणं अन्यायाचं ठरेल.

फक्त तो विचार जुन्या नदीचा होता. वरच्या बाजूला ऑरोरासारखी शहरं वाढत गेली. माती आणि गवताच्या जागी रस्ते, पार्किंग आणि छपरं आली. जे पाणी हळूहळू जमिनीत मुरायचं ते आता काही तासांत नदीत येऊ लागलं. पाऊस तेवढाच पडला तरी पूर मोठा. महाराष्ट्रात निळी आणि लाल पूररेषा हे शब्द कोल्हापूर-सांगलीकरांना नव्याने समजावून सांगायची गरज नाही. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. पण या रेषा मागच्या नोंदींवरून आखलेल्या असतात. वरचं खोरं बदललं की रेषाही जुनी होते. फार्न्सवर्थ हाऊसचं नेमकं हेच झालं.

घर पूर्ण होऊन तीनच वर्षं झाली होती, तेव्हा 1954 मध्ये पाणी पहिल्यांदा आत आलं. सर्वांत वाईट पूर मात्र जुलै 1996 चा. ऑरोरामध्ये 24 तासांत 16.91 इंच, म्हणजे जवळपास 430 मिलिमीटर पाऊस झाला. (मुंबईत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला होता, पण इलिनॉयसाठी हा विक्रम होता.) पाण्याच्या दाबाने काच फुटली, घरात फरशीच्या वर सुमारे पाच फूट पाणी चढलं, सामान वाहून गेलं आणि मधल्या गाभ्याचं लाकूड खराब झालं. मीस यांचे नातू आणि आर्किटेक्ट डर्क लोहान यांनी पुन्हा सगळं उभं केलं. सप्टेंबर 2008 मध्ये 'आइक' चक्रीवादळाच्या उरलेल्या पावसाने पुन्हा दीड फुटापर्यंत पाणी आत आलं.

तेव्हापासून चर्चा सुरू झाली: घर वाचवायचं कसं? त्याच आवारात उंच जागेवर हलवायचं, खाली भराव टाकून उचलायचं, की घराखाली हायड्रॉलिक जॅक बसवून पूर आला की वर उचलायचं आणि ओसरला की खाली आणायचं? शेवटचा पर्याय सायन्स फिक्शन वाटतो, पण इंजिनिअरांनी तो गंभीरपणे अभ्यासला. हलवण्याला विरोध होता, कारण नदी आणि झाडं यांच्यासाठीच जे घर रचलं गेलं, ते दुसरीकडे नेलं तर उरतं काय? जॅकला आक्षेप असा की, एवढी यंत्रणा जमिनीत पुरायची म्हणजे मूळ वास्तूशी खेळच. घर अजून मीस यांनी ठरवलेल्या जागीच उभं आहे.

ज्या मॅपलच्या सावलीत ते उभं केलं होतं, ते झाड मात्र गेलं. वयाने आणि आजाराने ते मेलं आणि 2013 मध्ये काढावं लागलं.

आज घराचं काय झालंय?

एडिथ यांच्यानंतर घर घेतलं ब्रिटिश उद्योजक पीटर पलंबो यांनी. ते मीस यांचे निस्सीम चाहते. त्यांनी पडवीची जाळी काढली, मीस यांच्या डिझाइनचं फर्निचर आणलं, एसी बसवला आणि आजूबाजूला आणखी झाडं लावून घेतली. त्यांना हे घर फार आवडायचं. अर्थात त्यांची इतर घरंही होती आणि वर्षातले काही दिवसच ते इथे राहायचे, हेही लक्षात घ्यायला हवं.

डिसेंबर 2003 मध्ये सदबीजने न्यूयॉर्कमध्ये घराचा लिलाव केला. कुणी श्रीमंत खरेदीदार ते उचलून दुसरीकडे नेईल अशी भीती होती. वारसा जपणाऱ्या संस्थांनी देणग्या गोळा केल्या आणि 75 लाख डॉलरला ते घेतलं. 2004 पासून तिकीट काढून ते कुणालाही पाहता येतं आणि 2006 मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. व्यवस्था 'नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन' ही संस्था पाहते.

इतकी वर्षं तिथे येणाऱ्यांना मीस यांची गोष्ट सांगितली जायची आणि एडिथ म्हणजे त्यांच्याशी भांडलेली ग्राहक, एवढाच उल्लेख व्हायचा. 2020 मध्ये ट्रस्टने एक वेगळं प्रदर्शन भरवलं. मीस यांचं फर्निचर हलवून घर एडिथ राहत असताना जसं दिसायचं तसं पुन्हा मांडलं. त्यांच्यासारख्या खुर्च्या, त्यांचं लिहायचं टेबल, त्यांचं व्हायोलिन आणि पुस्तकांची आठवण देणाऱ्या वस्तू. फोटोंमधलं रिकामं, चकचकीत घर आणि हे माणसाच्या वावराचं घर, दोन्ही त्याच काचेच्या आत. पाहणाऱ्यांना बरंच काही नव्याने कळलं.

पुढच्याच वर्षी, 2021 मध्ये, घराचं अधिकृत नाव बदलून 'एडिथ फार्न्सवर्थ हाऊस' करण्यात आलं.